टोमणा गुणिले शीळ

३ नोव्हेंबर
टिटवीला – म्हणजे आमच्या सातवीतल्या कन्येला – गृहपाठ. घरातल्या दोन स्वतंत्र घटना निवडा, बारा दिवस नोंद ठेवा, दोन्ही एकाच दिवशी घडण्याची संभाव्यता काढा. स्वतंत्र म्हणजे काय गं, असं विचारलं, तर माझीच शिकवणी! "नाणं टाकलं, छापा पडण्याची संभाव्यता एक छेद दोन. फासा टाकला, सहा पडण्याची एक छेद सहा. दोन्ही मिळून – गुणाकार. एक छेद बारा. कारण नाण्याला फाशाची काही पडलेली नसते."
म्हटलं, अशी दोन माणसं घरातच आहेत, बाहेर कशाला शोधतेस? नवरा स्वयंपाकघरातून हसला.

४ नोव्हेंबर
फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटला. घटना पहिली : आई बाबांना टोमणा मारते. घटना दुसरी : बाबा भांडी घासताना शीळ घालतात. "एकमेकांशी काही संबंधच नाही!" म्हणे. मलाही पटलं. जेवण झालं की मी दार लावून लिहायला बसते. दर आठवड्याच्या सदरात कुणाची तरी सालटी काढायची असतात. हा शीळ घालतो, हीच मला बातमी.

७ नोव्हेंबर
चार दिवस, चार टोमणे. टिटवी खूश. "बाकीच्या मुलींना घटनेची वाट बघत बसावं लागतं गं. माझं बरंय!"
आजचा : लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायला हा माणूस बारा मजले पायी चढतो, घरच्या माळ्यावरून पिशवी काढायची म्हटलं की गुडघे धरतो.

९ नोव्हेंबर
जेवताना नवरा म्हणाला, कंपनी दुसऱ्या शहरात पाठवायचं म्हणतेय. दोन वर्षं. एकट्याला. सोळापर्यंत मुदत आहे. माझ्या तोंडून गेलंच – तिथल्या लिफ्टांनी काय पाप केलंय? हसला नाही. दाढ ठणकत होती, गाल धरून उठला.
ताईला फोन केला. थोरल्या बहिणीने धीर द्यावा की नाही? "तुझ्या जिभेपासून दोन वर्षं सुट्टी मिळत असेल, तर कोण सोडेल गं?"
जातोस का, हे विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

१० नोव्हेंबर
आजपासून तोंडाला कुलूप.

१२ नोव्हेंबर
दूध उतू घालवलं त्याने. अख्खी शेगडी पांढरी. मी म्हटलं, "असू दे." तो फडकं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "बरं नाही का तुला?"
टिटवी रिकाम्या रकान्यांसमोर पाय आपटतेय – "आई, तू माझा गृहपाठ बिघडवतेयस!"

१४ नोव्हेंबर
नवऱ्याने माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली! रक्तदाब उत्तम. डॉक्टरांनी विचारलं, तक्रार काय? हा म्हणाला, "बोलत नाही." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं – मग तक्रार काय?

१५ नोव्हेंबर
बारा दिवस पुरे. टिटवीने हिशेब मांडला. टोमणे सहा दिवस – एक छेद दोन. शीळ सहा दिवस – एक छेद दोन. गुणाकार एक छेद चार. म्हणजे बारातले साधारण तीन दिवस दोन्ही एकदम हवेत.
"मग?"
"पाच आलेत!" रडायच्या बेतात होती. कागद नीट बघितला. चार ते आठ तारीख – टोमणा, शीळ. टोमणा, शीळ. पाचही दिवस. नऊ तारखेला नुसता टोमणा; ती दाढ. मग सगळं कोरं. तेराला मात्र एकटीच शीळ.
"तेराला कशी काय?"
"त्या दिवशी तू फोनवर संपादकांना झाडत होतीस ना? तो टोमणा बाबांना नव्हता, म्हणून धरला नाही. पण बाबा ऐकत होते. नळ बंद करून."
दार लावून बसणाऱ्या बाईला हे कसं कळावं? शहाणी मी! त्याने राहावं म्हणून गप्प बसले, आणि त्याचं घरच गप्प करून टाकलं. उद्या सोळा.

१६ नोव्हेंबर
सकाळी दारात गाठला. म्हटलं, "जायचं तर खुशाल जा. पण तिकडून फोन करून मोजे कुठे ठेवलेत हे विचारायचं नाही."
"हुश्श! आलीस का परत?" म्हणाला आणि बूट चढवून गेला. जातोय की राहतोय, चकार शब्द नाही. मला दिवसभर सदराची एक ओळ सुचली नाही.
टिटवीच्या वहीत बाईंचा शेरा : 'या घटना स्वतंत्र दिसत नाहीत. गुणाकार चालणार नाही. नोंद प्रामाणिक.'

१७ नोव्हेंबर
त्याच्या साहेबांचा फोन. थेट मला! "वहिनी, तुम्ही तरी समजवा. नऊ तारखेला विचारलं, तर जागच्या जागी नाही म्हणाले. सोळापर्यंत विचार करा म्हटलं, काल पुन्हा तेच. कारण काय, तर म्हणे, घरी माझं बरं चाललंय."
बरं! अठरा वर्षांनी – नुसतं बरं!