लाल नांगीवाले

९ नोव्हेंबर, रवि.
बाबा पुन्हा तेच. "मी चाल्लो गावाला." आई गेल्यावर त्यांना इथं कामोठ्याला माझ्याकडे आणलं, त्याला आता बरेच महिने झाले. मी दिवसभर पावणे इथल्या लॅबमध्ये, ते एकटे चौथ्या मजल्यावर. टीव्ही लावत नाहीत. या खोलीतून त्या खोलीत. गावचं घर बंद, छातीच्या गोळ्या चालू, तिकडे बघणार कोण? भांडण नको म्हणून कपाट आवरायला घेतलं. ते आवरलेलंच होतं.

११ नोव्हें., मंगळ.
घरी आले तर बाबा नाहीत. फोन टेबलावर. जीव वर-खाली. शेवटी गावठाणामागच्या तलावावर सापडले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात कसलासा प्राणी पाठीवरून धरलेला. अंग कोळंबीचं, नांग्या खेकड्याच्या, नांगीवर लाल डाग. "हे काय गो बाय?" मला काय माहीत!
शेजारी हरिभाऊ म्हात्रे जाळं शिवत बसलेले. इथलेच गाववाले, हा तलाव त्यांचा लहानपणापासूनचा. म्हणाले, "आमचा नाय तो. कुनीतरी काचेच्या पेटीतला आनून टाकला हाय. आता तलावान दुसरा मासा ठेवला नाय त्यांनी. जाली पन कापतान."
परत येताना बाबा माझ्या पुढे चालत होते.

१३ नोव्हें., गुरु.
जुन्या टेबलफॅनची पुढची जाळी गायब. बाबांनी तिला मच्छरदाणीचा तुकडा शिवलाय, दोरी बांधलीय. चिकनवाल्याकडून आतडी आणलीत, माझ्या फ्रीजमध्ये. दह्याशेजारी. दही वरच्या कप्प्यात हलवलं.

१६ नोव्हें., रवि.
आज पहाटे मीही गेले. आतडी मध्ये बांधायची, जाळी तळाला सोडायची, थांबायचं, मग एकदम वर. थांबणं मला जमत नाही. दोनदा मोबाइल काढला, दोनदा बाबा खेकसले. बादली भरली.
मोबाइलवर नाव शोधलं. क्रेफिश. परदेशी. हरिभाऊ म्हणाले, "नाव काय बी असूं दे, खाता येतंय ना?"
बाबांनी स्वतः केलं. नांग्या-पाय मिक्सरला लावून रस गाळला, भाजलं खोबरं, कांदा, आमसूल. डोक्यातला पिवळा गर स्वतःच्या ताटात घेतला. बोटं चाटली. आई कुर्ल्या करायची तशीच चव.

१९ नोव्हें., बुध.
एक बादलीतून निसटला आणि लिफ्टसमोर नांग्या उगारून उभा. समोरच्या वहिनींनी मजला डोक्यावर घेतला. सेक्रेटरीचा फोन. बाबांनी माफी मागितली, आणि वहिनींना वाटीभर रस्सा पाठवला. वाटी धुऊन परत आली. "अजून आहे का?"
गावाला जायचं नाव नाही काढलं या आठवड्यात.

२१ नोव्हें., शुक्र.
आज कामावर गटाराच्या पाण्याचे नमुने तपासत होते. रोजचंच काम. एकदम हात थांबला. आमच्या तलावात कुठकुठलं पाणी येतं? नाल्याचं तोंड तलावाकडेच आहे, मी स्वतः बघितलंय. दहा दिवस बघतेय.
शबाना मुकादमला सांगितलं. ती महाडची, माझ्या शेजारच्या टेबलावर. "उद्या दोन आण. पाणी पण आण. साहेबांना मी विचारते."

२२ नोव्हें., शनि.
दोन नेले, डब्यात. तलावाचं पाणी बाटलीत. बाबांना म्हटलं, मैत्रिणीला चव बघायचीय. खूश झाले. मोठे निवडून दिले.

२७ नोव्हें., गुरु.
शबानाने कँटीनमध्ये बाजूला घेतलं. शिसं आहे. मांसात कमी, डोक्यातल्या गरात जास्त. "कधीतरी खाल्लं तर काय होईल मी नाही सांगू शकत. रोज? मी माझ्या अब्बांना नसतं दिलं."
घरी आले. बाबा लसूण सोलत होते. "बस, गरम गरम खा." पोट बिघडलंय म्हटलं. ते जेवले. मी बघत बसले.
सांगितलं तर उद्या एसटीत बसतील. नाही सांगितलं तर

२८ नोव्हें., शुक्र.
नाही सांगितलं. कामात तीन चुका.

२९ नोव्हें., शनि.
बाबा डबा भरत होते. कुणाला? "हरिभाऊच्या सुनेला. दिवस गेलेत ना तिला. तिला हेच खावंसं वाटतं म्हणे. परवा पण दिला होता."
डबा हातातून ओढून घेतला. रस्सा ओट्यावर सांडला. मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, ओरडतच.
बाबांनी आधी गॅस बंद केला. "तुला कवा कळलं?"
"परवा."
"परवाच तिला पयला डबा दिला मी."
चपला घालून हरिभाऊंकडे गेले. मी येते म्हटलं तर हातानेच नको म्हणाले.

३० नोव्हें., रवि.
सुनेला घेऊन मी डॉक्टरकडे गेले. बाबांनाही चला म्हटलं, ते आले नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सून माझ्यावरच हसली, "ताई, दोनच तर खाल्ले." हरिभाऊ मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

२ डिसें., मंगळ.
बाबांनी बॅग भरली. सोमवारची एसटी. सहा तारखेला दादरला जाऊन येतो आणि मग निघतो म्हणाले. मी "बरं" म्हटलं. बरं काय त्यात?

५ डिसें., शुक्र.
सुनेचा रिपोर्ट आला. काळजीचं काही नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. हरिभाऊ स्वतः वर सांगायला आले. पाणी प्यायले. बाबांना म्हणाले, "जाधव, तुमी यायचे बंद झालात. ते भरमसाट वाढतान. खाऊ नका, पन काढायला तरी या. जाला मी घेतो मोठा."
बाबा म्हणाले, "खायचं नाय तर मारायचं कशाला?"
"मग तलाव त्यांनाच देऊन टाकू?"
बाबांनी रिकामा ग्लास उचलून आत नेला.

६ डिसें., शनि.
दादर. रांगेत दोघं सावकाश पुढे सरकत होतो. बाबांच्या खांद्याला धरून होते. बोलायचं बरंच ठरवलं होतं.

७ डिसें., रवि.
सकाळी उठले तर बाबा निघालेले. हरिभाऊंबरोबर तलावावर. मागोमाग गेले. मोठं जाळं दोघांनी मिळून ओढलं, बाबा धापा टाकत होते, थांबा म्हटलं तर ऐकलं नाही. जाळ्यात सगळे तेच. एका कोपऱ्यात बोटभर खवल्याखवल्यांचा मासा तडफडत होता. हरिभाऊ म्हणाले, "बगा, ह्यो आमचा." बाबांनी ओंजळीत घेऊन पाण्यात सोडला.
बाकीचे पोत्यात भरले. हरिभाऊ घरी गेले. पोतं आमच्या दोघांमध्ये. बाबा कट्ट्यावर बसले.
मी विचारलं, "उद्याची एसटी?"
"ती ऱ्हाऊ दे. आधी ह्यांचं काय करायचं सांग. मारायचं म्हणतेस?"
"माहीत नाही, बाबा."
बसून राहिलो. ऊन वर आलं. पोतं आतून हलत होतं.