नसलेला दोर

सोमवार, ३ मार्च

लेकीच्या नेमणुकीचं पत्र शनिवारी टपालाने आलं. ती घरी नव्हती. मी फोडलं – फोडायला नको होतं. नोकरी दूरच्या शहरातली, होकार वीस तारखेपर्यंत कळवायचा. पत्र माझ्या पर्समध्ये आहे. देईन. घाई कसली?

संग्रहालयात नदीकाठचं चित्र पुन्हा दुरुस्तीला आलंय. पंचवीस वर्षांपूर्वी मीच ते साफ केलं होतं. काठावर बाई, पाण्यात होडी, होडीत पाठमोरी मुलगी. बाईच्या हातातून होडीपर्यंत दोर. शहाणी बाई. पोर पाण्यात सोडली, पण दोर हातचा सोडला नाही.

बुधवार, ५ मार्च

"आई, टपाल काही आलं का गं?"

"मासिक आलंय." खोटं नव्हतं.

सोमवार, १० मार्च

संग्रहालयाच्या फोटोवाल्याने चित्र निळ्या दिव्याखाली धरलं. त्या उजेडात मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. अख्खा दोर काळा!

"बाई, हा दोर कुणा शहाण्याने घातलाय?"

जुनी फाइल काढली. अक्षर माझंच – 'दोर पुसट झालेला, रेषेवरून पुन्हा भरला.' रेष कसली, रंगाला गेलेला तडा होता तो. त्या वर्षी लेक दोन वर्षांची. पाळणाघराच्या दारात माझं बोट सोडत नसे. मला जिकडेतिकडे दोरच दिसत असणार.

"शहाणी मीच," मी सांगितलं. त्याने दिवा बंद केला. म्हणाला, "हात मात्र सफाईदार होता हं."

शुक्रवार, १४ मार्च

दोर काढला. कापसाचे बोळे, चार तास.

खाली उघडा तळवा. बाई ओढत नाहीये, होडी ढकलून नुकती मोकळी झालीये. आणि मुलीच्या हातात वल्हं आहे! ते पहिल्यापासून होतं. मी दोराकडेच बघत राहिले.

अहवालात लिहिलं – मागची दुरुस्ती चुकीची, जबाबदारी माझी. खाली सही ठोकली. घरचं राहिलंय.

शनिवार, १५ मार्च

पत्र तिच्या ताटाशेजारी ठेवलं. "दोन आठवडे माझ्याकडे होतं. चुकलं माझं."

लेकीने फोडलेलं पाकीट उलटसुलट पाहिलं. "मला ई-मेल त्याच दिवशी आलं होतं, आई. होकारही कळवून टाकला. वीसच्या आत तू देतेस का, एवढंच बघत होते."

"आणि दिलं नसतं तर?"

"तिकीट एकवीसचं काढलंय."