पोत्यावरचं नाव

५ जानेवारी, सोमवार

आज केबिन मिळाली. दारावर पाटी — डॉ. अंबिका, पशुवैद्यकीय सल्लागार. चितेगावच्या या पशुखाद्याच्या कारखान्यात येऊन महिना झाला अन् अजून एकाही जनावराला हात लावला नाही. पोत्यांवर माझं नाव छापतात. आत काय भरायचं ते आधीच ठरलेलं असतं.

खुलताबादला आबांना फोन केला. पाटीचं ऐकून लई खूश. पहिला पगार झाला त्याच दिवशी त्यांनी मजुरी सोडली. "आता बसून खातो, माय."

९ जानेवारी, शुक्रवार

अहवाल दिला. गाभण मेंढ्यांच्या खुराकात काय बदल हवा — बारा पानं, तीन आठवडे खपले. मॅनेजर सुदर्शन सरांनी हातात घेऊन वजन करावं तसा वरखाली केला. "मॅडम, एवढं कशाला? तुम्ही फक्त सही करत जा."

रागावले असते तर वाटलं असतं, वाचला.

१२ जानेवारी, सोमवार

खिडकीमागच्या शेतात मेंढ्या उतरल्यात. तूर निघालेलं रान, मालकानं खतासाठी बसवल्या असणार. दुपारभर बघत राहिले. एकाच जागी आहेत असं वाटतं अन् तरी सरकत असतात — ढगाची सावली सरकते तशी. काच बंद, एसी चालू. आवाज येणं शक्यच नाही, पण मला घंटी ऐकू येत होती. लोकरीचा वाससुद्धा. लहानपणी मेंढ्यांमागं फिरताना आबांच्या घोंगडीत झोपायचे तेव्हा वाटायचं, कळपच श्वास घेतोय अन् मी त्याच्या आत आहे.

मीटिंगला तीनदा हाक मारली म्हणे. ऐकूच आली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

काही काम नाही. मेंढ्या आहेत.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी खिडकीतून दिसलं — एक मेंढी आडवी, सारखी मान मागं टाकतेय. जवळ एक म्हातारी. सरांना म्हटलं, "मेंढी अडलीय, जाऊन येते."

"आपली आहे का?"

मी निघाले.

म्हातारीचं नाव बानाबाई. माझ्या गळ्यातलं कार्ड बघून म्हणाली, "हापिसातली दिसतीस. तुला जमंल व्हय?"

"जनावरांची डॉक्टर आहे."

"मग बघत काय बसलीस? हे घे तेल."

हात धुतले, तेल लावलं. कोकराचा एक पाय मागं दुमडलेला. डोळे मिटून घेतले — आत डोळ्यांचा उपयोग नसतो. नुसती ऊब, ओल, अन् बोटाच्या पेराएवढा खूर. तेवढा वेळ कारखाना नव्हता, पाटी नव्हती, मीपण नव्हते बहुतेक. खूर मुठीत झाकून हळूच पुढं आणला. कळ आली तशी ओढलं. बाहेर आलं ते निपचित. नाक पुसलं, गवतानं चोळलं, चोळत राहिले. किती वेळ कोण जाणे. मग शिंकलं.

"नाय मेलं," बानाबाई म्हणाली. "नाय मेलं, माय." अन् रडायला लागली. जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, ठेचा.

परत आले तर मार्केटिंगमधली ती पोरगी, संस्कृती, दारातच उभी. खिडकीतून मोबाइलवर फोटो काढला होता तिनं.

१९ जानेवारी, सोमवार

सुदर्शन सरांनी स्वतः चहा मागवला. "फोटो पोस्टरवर घेतोय. आता तुम्हीच कंपनीचा चेहरा."

म्हटलं, बानाबाईंना विचारा आधी. "हो, हो," म्हणाले.

खोटं कशाला लिहू — लई बरं वाटलं. गारखेड्याच्या खोलीपर्यंत रिक्षात एकटीच हसत आले. आता अहवालही वाचतील.

२३ जानेवारी, शुक्रवार

गेटवर पोस्टर लागलं. मी, कोकरू, अन् शेजारी आमचं पोतं. त्या दिवशी तिथं पोतं नव्हतं. बानाबाईला कापून टाकलंय. तिचा हात तेवढा राहिलाय माझ्या खांद्यावर, बांगड्यांसकट.

राजीनामा दिला. सर म्हणाले, "आत्ता कुठं तुमची किंमत कळायला लागली होती."

उद्या खुलताबादला जाते. आबांना समोर बसूनच सांगावं लागेल.