सात इंची सुरी

१९ मे, सोमवार
डॉक्टर म्हणाले, बेंबीचा हर्निया आहे, ऑपरेशन करून टाकू, शुक्रवारी या. मी शांतपणे ऐकलं. खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण ते खुर्ची डुगडुगत होती म्हणून.

डॉक्टरांना अडचण समजावून सांगितली. आठ जूनला मृग लागतो. मृगाच्या दिवशी मासा खाल्ला की पावसाळाभर खोकला नाही, हे हैदराबादेत शेंबडं पोरही सांगेल. आमच्या घरचा मासा आई साफ करते, विळीवर, लग्न होऊन काचीगुड्याला आली तेव्हापासून. यंदा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे मासा मीच साफ करायचा. आता टाके घातलेला माणूस मासा कसा साफ करणार? सबब, ऑपरेशन मृगानंतर.

डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे, माधवीकडे बघितलं. माधवीनं पंख्याकडे. निघताना म्हणाले, वजन उचलू नका, आणि फुगवटा आत जाईनासा झाला, दुखायला लागलं, तर त्या मिनिटाला या.

घाबरण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न मृगाचा आहे.

२० मे, सकाळी ६.३०
संकल्प. आधी हत्यार, मग मासा. आजवर आमच्या घरात कुणी सुरीचा शास्त्रशुद्ध विचारच केलेला नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, विळी आहे की. मी म्हटलं, विळी उघडी असते. ती म्हणाली, मग कापायची वस्तू झाकलेली असते का? आईशी वाद घालत नाही.

२२ मे
मासे साफ करण्याचे अकरा व्हिडिओ पाहिले. आवाज बंद करून, स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर हात ठेवून. माझं लक्ष सुरीवर होतं, बाकीचं बघायची गरज नव्हती.

मिळालेलं ज्ञान: पातं अरुंद आणि लवचिक हवं, काट्याच्या कडेनं वाकत गेलं पाहिजे. मूठ लाकडी नको, वास धरते. ओल्या हातातून सटकता कामा नये. पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं असावं, नाहीतर मधेच निखळतं. (कुठे जातं निखळून? रात्रभर हाच विचार.)

दुसऱ्या मजल्यावरचा चिन्मय पुण्याचा आहे, आयटीत आहे, त्याच्याकडे सगळ्याची माहिती असते. तो म्हणाला, काका, सात इंच घ्या, सात इंचात काहीही उघडतं. ‘उघडतं’ हा शब्द त्यानं टाळायला हवा होता.

२४ मे, शनिवार
बेगम बाजार. सहा दुकानं. सहाव्या दुकानात सात इंची, लवचिक, रबरी मुठीची मिळाली. मालकानं पातं वाकवून दाखवलं. टण्ण असा आवाज झाला. मी जरा स्टुलावर बसलो, उन्हामुळे. मालक म्हणाला, कायकू डररे साब, छुरी डब्बेमेंच है.

डब्याला चार रबरबँड लावून घेतले. घरी आणून कपाटात, माधवीच्या साड्यांखाली ठेवली. किल्ली माझ्याकडे.

२७ मे
सराव. टोमॅटोवर. चूक झाली. वांगं घ्यायला हवं होतं. टोमॅटोचा आतला रंग लक्षात आला नव्हता.

रक्ताला मी घाबरत नाही. रक्त दिसलं की बसावंसं वाटतं, एवढंच. आज आडवं व्हावंसं वाटलं. माधवीनं कांदा हुंगायला दिला. तिनं विचारलं, शुक्रवारची तारीख घेऊ का? मी डोळे मिटून होतो, त्यामुळे ऐकू आलं नाही.

२९ मे
स्वतः होऊन डॉक्टरांना फोन केला. घाबरट माणूस असं करेल का? हत्याराविषयी आता मला थोडं कळतं, म्हणून विचारलं, तुमचं पातं केवढं असतं? ते हसले. म्हणाले, आता दुर्बिणीनं करतात, फक्त तीन भोकं पाडायची.

तीन! मी एकच धरून चाललो होतो.

३० मे
माधवीला गौलीगुड्याला लग्नाला जायचं होतं. साड्या कपाटात, किल्ली माझ्याकडे, मी ऑफिसात, ऑफिस तारनाक्याला. ती रोजच्या साडीवर गेली. घरात अबोला. मी तिच्या सुरक्षेसाठीच कुलूप लावलं होतं, पण आजकाल चांगलं वागायची सोय नाही.

१ जून, पहाटे ५.४०
जाग आली. फुगवटा दाबून बघितला. आत जातो. पुन्हा बघितला. जातो. चौदा वेळा.

बाबाही चालतच गेले होते. अपेंडिक्स. साधंच ऑपरेशन, उद्या घरी, असं सगळे म्हणाले होते. मी बारावीत होतो. आत जाताना त्यांनी चपला काढून माझ्याकडे दिल्या. संध्याकाळी पिशवीत घालून त्या मीच घरी आणल्या.

हे लिहायचं नव्हतं. विषय सुरीचा आहे.

भीती वाटते. खूप वाटते.

१ जून, सकाळी ९
वरची ओळ झोपेत लिहिली गेली. ग्राह्य धरू नये.

४ जून
आईनं समोर बसवून सांगितलं, मरळ माशाला आधी राख आणि मीठ चोळायचं, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग दगडावर घासायचा. मग काट्यासकट गोल तुकड्या. काट्याशिवाय चिंचेच्या कालवणाला चव येत नाही.

म्हणजे काट्याच्या कडेनं वाकत जाणाऱ्या लवचिक पात्याचं काहीच काम नाही. हे तिनं बेगम बाजारच्या आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, सांगत होते. मग म्हणाली, तुझ्या बाबांच्या वेळी असल्या दुर्बिणी नव्हत्या रे. मी विचारलं, माशाचं बोलतेस ना? ती उठून गेली.

८ जून, रविवार, सकाळी ७
मृग! रात्री झोप छान लागली, दीड तास. रामनगरच्या मासळी बाजारात जातो आहे. आज एकदाचं सिद्ध होईल. काय ते नंतर लिहीन.

८ जून, सकाळी १०.१५
घाईत लिहितो आहे. बाथरूममधून.

बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मल्लम्मा नावाच्या बाईकडे टबात मरळ होते. जिवंत. मरळ जिवंतच विकतात, हे व्हिडिओत कुठेही नव्हतं. ती म्हणाली, काट को देतूं साब, ये उछलता. रांगेतले सगळे कापूनच नेत होते. मी म्हटलं, आपल्याकडे सुरी आहे. सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते, असं वाटलं.

अडीच किलोचा मासा, वर पाणी, म्हणून झाकणाची बादली. तीन जिने मीच उचलून आणली. दुसऱ्या जिन्यावर बेंबीपाशी काहीतरी झालं. दाबलं. गेलं नाही. घाईत दाबलं असेल.

सध्याची परिस्थिती: मासा बादलीतून उडी मारून फरशीवर. मी कमोडच्या झाकणावर. सुरी हातात, डब्यात, रबरबँडसकट. तो माझ्याकडे बघतो आहे. त्यालाही माहीत आहे, की आपल्या दोघांपैकी एकाला आज कापणार.

दुखतंय. आत जात नाही. आई बाहेरून विचारते आहे, दार उघडतोस का? मासा शांत झाला की उघडतो.

१२ जून, हॉस्पिटल
आज पेन धरता आलं. रविवारी चिन्मयनं दाराची कडी तोडली. मला उचलून गाडीत घातलं, असं कळतं. मी पूर्ण शुद्धीत होतो आणि मोठ्यानं काही बोलत नव्हतो. माधवी म्हणते, आई, आई ओरडत होतात. आई समोरच होती, म्हणजे हाक मारणं स्वाभाविक आहे.

मासा? मला हॉस्पिटलात पोचवून आई परतली, विळी मांडली, डाव्या हातानं माशाचं एक टोक धरलं, दुसरं शेजारणीनं धरलं. दहा मिनिटं. मृगाचा मासा चुकवायचा नसतो, म्हणाली. स्वतः मात्र तोंडात तुकडा घातला नाही म्हणे. रात्री तीही इथे बाकावर बसून होती.

माधवीनं सफरचंद आणि ती सुरी आणली. सफरचंद सुरेख कापलं गेलं. निवड चुकली नव्हती.

डॉक्टरांना विचारलं, तीन भोकं दुखतात किती दिवस? ते म्हणाले, मे महिन्यात आला असतात तर तीन भोकं. आतडं अडकलेलं, काळं पडायला लागलं होतं. पोट उघडावं लागलं. मी विचारलं, केवढं?

सात इंच.

१७ जून
घरी सोडलं. महिनाभर वाकायचं नाही. निघताना चपला आईनं माझ्या पायात घातल्या, खाली बसून, डाव्या हातानं. अंगठ्यात बोट नीट गेलंय का ते बराच वेळ बघत राहिली. उठलीच नाही. शेवटी माधवीनं तिला धरून उठवलं.

जिना हळूहळू चढलो. दाराशी चपला काढल्या. मोजल्या. दोन. पुन्हा मोजल्या.

भीती कसली, सवय असावी म्हणून मोजल्या.