मधला आवाज उडाला त्याची हकिगत

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार घालायला जमिनीवर जागा उरलेली नाही, कारण तू पाठवलेले स्पीकर आणि तो ढब्बू खोका (ज्याला तू सबवूफर म्हणतोस आणि आम्ही स्टूल) खोलीभर पसरलेत. म्हणून उभ्यानेच हात जोडतो. तुझी तब्येत ठणठणीत असणारच. फोनवर हुकूम सोडताना आवाज चांगला खणखणीत लागतो. बाबांचं विचारशील, तर कान पूर्ण गेलेत. कानातल्या यंत्राला कंटाळून त्यांनी ते खणात टाकलं, आणि त्यावर तू उपाय काय पाठवलास, तर होम थिएटर. टकल्याला कंगवा भेट द्यावा तसं.

कॉम्प्युटरची डिस्क भरली म्हणून, तुझ्या डीव्हीडींवरून उतरवलेले सगळे सिनेमे मी लहान करायला बसलो. (तूच म्हणालास, "अरे, नको ते काढून टाक की, अक्कल वापर.") वापरली. दर सिनेमात आवाजाचे सहा भाग, एकेका स्पीकरला एकेक. कोपऱ्यांतल्या स्पीकरांचे ठेवले, मधल्याचा काढला. मधला नुसता नावाला असतो, हे तुझ्या आणि धाकटीच्या मध्ये जन्मल्यापासून मला पाठ आहे. कॉम्प्युटर आठवडाभर तापत होता, त्याच्या पंख्याची घरघर ऐकून बायको माहेरी जायच्या गोष्टी बोलू लागली. शेवटी जुन्या फाइली पुसल्या, सगळ्यांना समोर बसवलं आणि सिनेमा लावला. दार करकरतं, पाऊस पडतो, पाठीमागून घोडा जातो, पण माणसं नुसती तोंडं हलवतात. बोलणं सगळं त्या मधल्यातच असतं म्हणे. हे आधी सांगायला तुझी जीभ झिजली असती का?

तुला फोन केला, तर पोटभर हसलास आणि ठेवून दिलास. मी चिडून टीव्ही बंद करायला उठलो, तर आमचे चेहरे बघून बाबांनी पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "थांब रे, बस खाली. तो काय म्हणतोय ते मी सांगतो." ओठ बघून बघून त्यांना कळत असेल, असं आम्हाला वाटलं. या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना त्यांच्याइतकं ऐकू येत होतं. तेव्हापासून रोज जेवणं आटपली की ते खुर्ची पुढे ओढून संवाद सांगतात आणि आम्ही धड कानांचे लोक त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. बायकोही माहेर विसरली. मला फार बरं वाटलं, आणि तुझा त्याहून जास्त राग आला.

तुझा,
मधला

ता. क. : दुरुस्त केलेल्या फाइली पाठवतो म्हणालास. पाठवू नकोस.

आणखी एक ता. क. : बाबांना ओठबिठ काही वाचता येत नाही. यातले अर्धे सिनेमे मी आधी पाहिलेत. काल पडद्यावर दरोडेखोर तिजोरी फोडत होते आणि बाबा सांगत होते, "म्हणतोय, थोरल्याचा निरोप आलाय, या खेपेला नक्की येतोय." प्रत्येक सिनेमात कोणीतरी हेच म्हणतं. आम्ही माना डोलावतो. दादा, तू आजवर स्वतःला सोडून सगळं पाठवलंस. आता काही पाठवू नकोस. ये.