माझ्या फौजेला माझा पाठिंबा

२ मार्च
ब्रश करताना रक्त. बेसिन लाल. हिरडीला विश्रांती द्यायचं ठरवलं. उद्यापासून ब्रश बंद. दुखऱ्या पायाने कोणी पळतं का?

९ मार्च
रक्त थांबलं! निदान दिसत तरी नाही. तोंडाला वास येतो, असं हिचं म्हणणं. हिला कशालाही वास येतो.

११ मार्च, रिहर्सलनंतर
क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात. त्यातला एक आज हलला. बँडच्या वार्षिक कार्यक्रमातला सोलो यंदा माझा आहे. आयुष्यभर वाट पाहिली त्याची. सूर हलला तेव्हा बँडमास्तरांना सांगितलं, क्लॅरिनेटची पट्टी, रीड, खराब आहे.

१४ मार्च
हिने दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाई म्हणाल्या, जंतू चिमूटभर, पण तुमच्या पेशी एकमेकींना ‘धावा, धावा’ असे निरोप धाडत सुटल्यात. फौज येते, ती आणखी निरोप धाडते, सूज वाढते आणि या धुमश्चक्रीत दाताखालचं हाड झिजतं. कुंपणच शेत खातंय. ताबडतोब सफाई करून घ्या.
माझी फौज लढते आहे! ऊर भरून आला.

१५ मार्च
फौजेला रसद हवी. इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्या आणल्या, मोठी बाटली. दातांची सफाई सोलो झाल्यावर बघू. ऐन लढाईत झाडू कशाला?

२८ मार्च
हिरडी टम्म. म्हणजे कुमक पोचली. हिने विचारलं, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात? हिला युद्धातलं काही कळत नाही.

५ एप्रिल
वरच्या सुराला तोंडात पू आला. शेजारचा दातही हलतोय. भीती वाटली. खरंच वाटली.
गोळ्या दुप्पट केल्या.

१७ एप्रिल
दोन्ही दात गेले. बाईंना फार जोर लावावा लागला नाही.

१९ एप्रिल
कार्यक्रम झाला. सोलो माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीने वाजवला. वाईट वाजवला असता तर बरं वाटलं असतं. मास्तरांनी मला झांजा दिल्या होत्या. शेवटी एकदाच वाजवायच्या होत्या, त्याही मी आधीच वाजवल्या.

१० मे
तपासणी. बाई खूश. दात गेले तिथे सूज नाही, रक्त नाही. भांडायला आता काही उरलंच नाही, म्हणाल्या. आरशात पाहिलं. हिरडी गुलाबी, अगदी निरोगी.
घरी येऊन क्लॅरिनेट फुंकली. नुसती हवा आली.