प्रश्न उद्भवत नाही

कारेगाव, १२ मार्च २००६

तीर्थस्वरूप भामामावशीस प्राचीचा जय भीम. गुडघा कसा आहे? राहू गावच्या डॉक्टरांचं तेल लावतेस की नुसतं फळीवर ठेवतेस? पत्र हौसरावकाकाच वाचून दाखवत असतील, त्यांनाही जय भीम. (काका, कंसातलं मोठ्यानं वाचू नका.)

इकडे सगळे बरे आहेत, सावळारामआप्पा सोडून. आप्पा म्हणजे तू कामाला होतीस त्या कारखान्यातल्या युनियनचे जुने पुढारी. ते तेरा महिने खासदार होते, हे आता त्यांच्या गल्लीतही सांगावं लागतं. येत्या रविवारी त्यांचा पंचाहत्तरीचा सत्कार आहे, आणि वस्तीत बी.ए. झालेली मीच मोकळी सापडले म्हणून त्यांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ठरवलं, फक्त खरं लिहायचं. दिल्लीत, लोकसभेत, आप्पांनी तुमच्या कारखान्याबद्दल एकच प्रश्न विचारला होता: तिथे कंत्राटी बायकांना संडास नाही हे खरे आहे काय, आणि असल्यास त्याची कारणे काय? उत्तर आलं त्या दिवशी आप्पा तापानं फणफणले होते आणि आठवड्याभरात सरकारच पडलं. त्यामुळे उत्तर आलंच नाही, असं ते सात वर्षं समजत होते. मी माहितीच्या अधिकारात अर्ज करून ते मिळवलं आणि मोठ्या उत्साहानं त्यांच्या ओट्यावर उभी राहून वाचलं. (अ) नाही. (ब) प्रश्न उद्भवत नाही. (काका, हे कंस सरकारचे आहेत, हे वाचा.)

 आप्पा म्हणाले, "म्हंजी मी तिथं गेलोच न्हाई म्हण की."

दारावरची 'माजी खासदार' ही पाटी त्यांनी स्वतः उतरवली. शेजारीण आता तिच्यावर कुरडया वाळवते. (पाटी लहान आहे, फार मावत नाहीत.) सत्काराला येणार नाही म्हणतात. आई मला म्हणाली, "याच्यासाठी शिकलीस व्हय गं?"

प्रकृतीला जप.

तुझी प्राची

ता. क. आई आत्ता भाकरी थापताना सहज बोलली, की दिल्लीहून विचारणा झाली आणि साहेब तपासायला येणार म्हणून तुमच्या कारखान्यात चार दिवसांत संडास उभे राहिले, आणि दाराचा ओला निळा रंग तुझ्या नव्या लुगड्याला लागला. (मी अर्ज दिल्लीला केला, चुलीपाशी केला नाही.) म्हणजे उत्तर खरंच होतं, पण आप्पांनी विचारलं म्हणून खरं झालं. माझं आता ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. रविवारी ये आणि ते लुगडं घेऊन ये.

ता. क. २. त्याची तू गोधडी शिवलीस म्हणे. गोधडी चालेल. (काका, हे मात्र मोठ्यानं वाचा: तुमची गोधडी मावशीबरोबर इकडे येईल, शनिवारची एक रात्र चादरीवर काढा.)